फांदीबाहेरची नावं

सोमवार, ३ नोव्हेंबर

एरर बत्तीस. सकाळपासून तीच. सर्व्हरचं म्हणणं, तुम्ही सांगता त्या पत्त्यावर असं काही नाहीच. अरे, नाही कसं? दोनशे खाटांचं हॉस्पिटल आहे. इथली झाडून सगळी माणसं, डॉक्टरपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत, तुझ्याच पोटात नोंदवलेली आहेत. मग कुठे ठेवलीस ती?

पुढच्या सोमवारी नवं सॉफ्टवेअर सुरू व्हायचंय. पुण्याच्या कंपनीचं. पेशंटची औषधं, इंजेक्शनं, तपासण्या, सगळं स्क्रीनवर. कागद बंद. कुणी काय दिलं ते ज्याच्या त्याच्या नावाने नोंदलं जाणार, आणि नावं घेणार आमच्या जुन्या एलडॅप सर्व्हरवरून, म्हणजे सगळ्यांची नावं नि पासवर्ड ठेवणाऱ्या यंत्रावरून. त्यासाठी त्याला एकच ओळ हवी आहे, बेस डीएन. म्हणजे नावं शोधायला सुरुवात कुठून करायची तो पत्ता. एक ओळ! आणि ती या इमारतीत एकाही माणसाला माहीत नाही.

ज्याला माहीत आहे त्याने जूनमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. अमीन शिकलगार. चौदा वर्षं हा सर्व्हर त्याच्या हातात होता आणि जाताना एक चिटोरंसुद्धा ठेवलं नाही. दुपारी फोन केला. म्हटलं, "सर, तुमचा पसारा आवरायला मला आणलंय. निदान बेस डीएन तरी सांगा."

"पसारा हाय व्हय? मग आवरा की," म्हणाला आणि फोन ठेवला.

ही रीत झाली? पुण्यात सहा वर्षं काढली, असा उर्मट माणूस पाहिला नाही. नवरा, धवल, इथल्या शाळेत शिकवतो म्हणून मी तिकडची नोकरी सोडून गडमुडशिंगीत आले. मार्चपर्यंत प्रोबेशन आहे. याच्या हटवादीपणापायी माझं नाव खराब व्हायला नको.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सापडलं. आणि कसं सापडलं ते लिहितानाही संताप होतोय.

हॉस्पिटलच्या नावावरून पत्ता असणार असं धरून मी दोन दिवस नावाचे सगळे प्रकार घालून बघितले. शेवटी पत्त्याची जागा रिकामी सोडली आणि सर्व्हरलाच विचारलं, बाबा, तुझ्याकडे कुठकुठली झाडं आहेत? यात नावं झाडासारखी, फांद्या-फांद्यांवर ठेवलेली असतात. पटकन उत्तर आलं. ट्रस्टचं जुनं नाव, नवी इमारत व्हायच्या आधीचं. त्यातही "आरोग्य" इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला तीन ए. कुणाच्या तरी बोटाने एक ए जास्त दाबला आणि चौदा वर्षं तो तसाच. माझे दोन दिवस त्या एका ए-ने खाल्ले.

आतली रचना तर विचारूच नये. एकच फांदी, तिचं नाव "माणसं". तीत सगळे. हृदयरोगतज्ज्ञाच्या खाली झाडूवाली, तिच्या खाली अकाउंटंट. ना विभाग, ना हुद्दा. कॉलेजातलं पोरसुद्धा असलं काम करणार नाही.

त्या "माणसं"वर सॉफ्टवेअर जोडलं, लगेच चाललं. मला शाबासकी द्यायला अर्थातच कुणी आलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

या इमारतीत डोकं असलेला एक तरी माणूस आहे. उदयसिंह साहेब, आमचे प्रशासक. काल केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, ते डिरेक्टरी का काय हाय, ते मला जरा नीट समजावून सांगा."

मी कागदावर झाड काढून दाखवलं. सॉफ्टवेअरला आपण एक फांदी दाखवतो, ते तिथून खाली शोधतं. त्या फांदीवर जो नाही, तो त्याच्या दृष्टीने जन्मलेलाच नाही.

साहेब खूश झाले. "म्हंजे फांदीवर न्हाय तो आपल्याकडं न्हाईच. असंच ना?"

"असंच."

मग म्हणाले, एजन्सीकडून आलेल्या नर्सेस आणि वॉर्डबॉय यांची वेगळी फांदी करा. "ती आपली माणसं न्हाईत. एजन्सीची हाईत. त्यांचं लॉगिन एजन्सी देणार हाय, ते तुम्ही बघू नका. तुम्ही फक्त हलवा." आणि हसून पुढे म्हणाले, "अमीनला हे धा वेळा सांगितलं. ऐकलं न्हाय."

न ऐकायला काय झालं होतं? सरळ, स्वच्छ काम आहे. आज सकाळी करून टाकलं. आस्थापनेच्या यादीवरून नावं घेतली आणि "बाह्य" नावाच्या फांदीवर नेली. मूळ फांदीचं नाव बदलून "कर्मचारी" केलं, सॉफ्टवेअरचा शोध तिथून लावला. आता कसं नीटनेटकं दिसतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वेळेत घरी आले. मुडशिंगीच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता, तरी चिडले नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

सुरू झालं. म्हणजे शिव्या खायला सुरुवात झाली.

मोठे डॉक्टर पासवर्ड विसरतात आणि माझ्यावर ओरडतात. लॅबवाल्यांना अक्षर बारीक दिसतं, तोही माझाच दोष. त्यात या सॉफ्टवेअरची एक अक्कल, काहीही बिघडलं तरी एकच वाक्य दाखवतं, "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे."

दुपारी माझ्या खोलीबाहेर नर्सेसची रांग. सगळ्यांत पुढे तीन नंबर वॉर्डातली शबनूर जमादार. आवाज असा की कॉरिडॉरभर ऐकू जावा.

"मॅडम, माझं लॉगिन होईना झालंय."

"पासवर्ड नीट घाला."

"नीटच घालतोय की. सकाळपास्नं किती बार घातला. चुकत न्हाय ओ माझा."

मी आस्थापनेची यादी बघितली. "तुम्ही एजन्सीच्या. तुमचं लॉगिन एजन्सी देईल."

"एजन्सीची म्हंजे? आठ वर्सं झाली हितंच हाय मी."

"ते मला माहीत नाही. एजन्सीला विचारा."

"एजन्सी म्हंजे स्टँडजवळ एक खोली हाय मॅडम. कवाबी जावा, कुलूप. कुणाला इचारू? कुलपाला?"

मागच्या हसल्या. मला हसू आलं नाही. मागे खरी कामं खोळंबली होती. म्हटलं, "माझा वेळ घेऊ नका," आणि दार लावून घेतलं. बाहेरून ती काहीतरी बोलली. ऐकलं नाही तेच बरं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज उघड झालं, एजन्सीच्या नर्सेस वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरच्या नावाने आत शिरतात! एका पासवर्डवर पाच-सहा जणी. सिस्टर साप्ताहिक सुट्टीवर, आणि तिच्या नावाने तीन वॉर्डांत इंजेक्शनं दिल्याच्या नोंदी. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी मोठ्या सिस्टरला विचारलं तर म्हणते, "मग काय करू? पेशंट थांबतोय व्हय तुमच्यासाठी?"

मी तडक साहेबांकडे. म्हटलं, असंच चालणार असेल तर हे सॉफ्टवेअर बंद करा. दुसऱ्याला पासवर्ड देणाऱ्यावर कारवाई होईल असं परिपत्रक काढा. साहेबांनी एक प्रश्न न विचारता सही केली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वॉर्डात कागद चिकटला होता. मी स्वतः फिरून बघितलं.

जेवताना धवलला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्या बायकांनी नोंद करायची कशी?"

"ते एजन्सी बघेल!"

"बघितलंय का एजन्सीनं?"

मी म्हटलं, मी तुझ्या शाळेत येऊन गणित कसं शिकवायचं ते सांगते का? तो ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला. त्याला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण बोलायचं असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज वाईट झालं.

तीन नंबर वॉर्डात बायडाबाई म्हणून आजी आहेत, नेसरीच्या. साखरेचा आजार, पायाला जखम चिघळलेली. सकाळचं इन्शुलिन त्यांना शबनूरने दिलं. नोंद केली नाही. पाळी बदलताना दिवसपाळीच्या सिस्टरला तोंडी सांगितलं म्हणे, पण तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कुणाला तरी उलटी झाली, त्या गडबडीत तिने ऐकलंच नाही. नंतर तिने स्क्रीन बघितला. बायडाबाईंच्या नावापुढे लाल अक्षरांत, "डोस बाकी". तिने दिला.

तासाभरात आजी घामाने निथळल्या, बोलणं बरळल्यासारखं, मग शुद्ध गेली. पळापळ करून आयसीयूत नेलं. दुपारपर्यंत शुद्धीवर आल्या. वाचल्या.

शबनूरला लगेच घरी पाठवलं. उद्यापासून येऊ नको म्हणून. मी जिन्यात होते, तिचा आवाज खालपर्यंत येत होता. "नोंद कुठं करू? भिंतीवर करू व्हय? सांगा की! हाताला लिवलं हुतं, ह्ये बगा, ह्ये बगा अजून हाय!"

मी खाली येऊन सगळं तपासलं. सर्व्हर दिवसभर सुरू होता. एकही एरर नाही. आमच्याकडून काही चुकलेलं नाही.

तरी तेच पुन्हा दोनदा तपासलं. रागाने असणार. एका बाईच्या निष्काळजीपणामुळे उद्या सगळे सॉफ्टवेअरला नावं ठेवतील.

बुधवार, १९ नोव्हेंबर

साहेबांनी अहवाल मागितला, यंत्रणा व्यवस्थित चालू होती म्हणून. सोमवारी चौकशी समिती बसणार आहे. मी लिहून दिला. खरंच होतं ते.

वाचून म्हणाले, "एक ओळ वाढवा. सदर नर्सचं लॉगिन उपलब्ध होतं."

"एजन्सीचं ना? झालं का ते सुरू?"

"हां, तेच."

"कसं दिलंय ते बघते एकदा, म्हणजे नीट लिहिता येईल."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तो तुमचा विषय न्हाय. ओळ वाढवा."

मी अहवाल परत घेतला आणि खाली येऊन एजन्सीला फोन लावला. बऱ्याच वेळाने एकाने उचलला. लॉगिनचं विचारलं तर म्हणाला, "कसलं लॉगिन ओ? आमी फकस्त माणसं पाठवतो. बाकीचं तुमचं तुमी बगायचं."

मग मी ते केलं जे दहा तारखेला करायला हवं होतं. सॉफ्टवेअर करतं तसाच शोध हाताने केला. फांदी "कर्मचारी", नाव शबनूर जमादार. उत्तर, शून्य. मग शोध झाडाच्या मुळापासून केला. सापडली. मी ठेवली होती तिथेच होती. तिने दिवसभर अचूक पासवर्ड घातला असता तरी सॉफ्टवेअर तिला ओळखणारच नव्हतं. सिस्टरच्या नावाने शिरायची जी वाट होती ती मी परिपत्रक काढून बंद केली. सही साहेबांची, पण हट्ट माझा.

त्या माणसाने मला सरळ सरळ वापरलं. आणि एजन्सीवाला, जिभेला हाड नाही. आणि सॉफ्टवेअर बनवणारे ते पुण्याचे दीडशहाणे, ज्यांना "हे नाव सापडलं नाही" असं लिहिता येत नाही. आणि शबनूर, जी एवढी ओरडते, ती माझ्या दारावर लाथ मारून आत का आली नाही? आणि अमीन शिकलगार, ज्याला सगळं माहीत होतं!

कुणाकुणावर चिडावं? यादी मोठी आहे. माझं नाव तीत कुठे घालायचं ते आज मला लिहवत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

रजा टाकली आणि शिवाजी पेठेत गेले. अमीन सरांचं घर तालमीच्या मागच्या बोळात. बोळभर तालमीच्या फुटबॉल संघाचे झेंडे. सर घरात नव्हते, तालमीच्या दारावर शिडी लावून कॅमेरा बसवत होते. मी खालूनच सुरू झाले.

"तुम्ही काही लिहून का ठेवलं नाहीत?"

त्यांनी वळून बघितलं. ओळखलं असावं आवाजावरून. स्क्रू पूर्ण आवळला, मग खाली उतरले.

"लिवून ठेवलं असतं तर साहेबानं त्येच वाचून त्या एजन्सीच्या पोरींस्नी भाईर काढलं असतं. तू तर न वाचताच काढलंस."

घरी नेलं. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मला चहा नको होता, भांडण हवं होतं. सर मात्र शांतपणे सांगत गेले. एजन्सीच्या नर्सेसनी गेल्या वर्षी कामगार न्यायालयात दावा लावलाय. इतकी वर्षं इथे राबतोय, आम्हाला कायम करा. हॉस्पिटलचं म्हणणं, ही आमची माणसंच नव्हेत. त्यावर त्यांच्या वकिलाने विचारलं, मग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये डॉक्टरांच्या रांगेत यांची नावं कशाला?

"तवापास्नं साहेब माझ्या मागं. काढ नावं, येगळी फांदी कर. मी म्हटलं, पेशंटला जो हात लावतो तो एका फांदीवर ऱ्हाणार. डॉक्टर असू दे न्हायतर झाडूवाली. कुणी कुणाला काय दिलं, कुणी काय उचललं, ते एका ठिकाणी दिसायला पायजे. न्हायतर माणूस मरंल एखादं."

म्हणून ती फांदी तशी होती. म्हणून तिचं नाव "माणसं". मी तिला काय काय म्हटलं होतं.

"मग?"

"मग काय. स्टोअरच्या मागं एक खोली हाय, पंखा नसलेली. तितं बसवलं. काम न्हाय, फोन न्हाय. आट म्हैनं बसलो. मग गेलो."

मी ओरडलेच. "हे मला फोनवर सांगायला काय झालं होतं? मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तू इचारलंस? तू म्हणालीस पसारा आवरायला आणलंय मला." मग म्हणाले, "पर सांगायला पायजे हुतं. मला राग आलता. तुझा न्हवं, त्या खुर्चीवर कोन तरी बसलंय ह्याचाच. म्हटलं, पत्ता हुडकत बसू दे. आता त्या म्हातारीचं कळल्यापास्नं मलाबी घास गिळंना."

त्यांच्या बायकोने आतून सांगितलं, "व्हय, कालपास्नं जेवलं न्हाईत."

मी काय करू, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "जास्तीचा एक ए माझाच हाय बरं का. घाई झालती." दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी पहिलं काम तेच केलं. "बाह्य" फांदीवरची सगळी नावं परत आणली, ती फांदी पुसली. मुख्य फांदीला तिचं जुनं नाव दिलं. सॉफ्टवेअरचा शोध तिथून लावला. एजन्सीच्या दोघी-तिघींना बोलावून समोर लॉगिन करायला लावलं. झालं. मग सगळ्या विभागप्रमुखांना मेल टाकला. काय बदललं होतं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, त्यामुळे कोण बाहेर राहिलं, आणि आता काय केलंय. शेवटच्या ओळीत, पहिला बदल मी विचार न करता केला, असं लिहिलं. ती ओळ लिहायला बाकीच्या मेलपेक्षा जास्त वेळ लागला.

अर्ध्या तासात साहेब माझ्या खोलीत. आजवर ते कधी माझ्या दारात आले नव्हते.

"हे काय लावलंय तुम्ही? आधीसारखं करा."

"लेखी द्या."

"मी सांगतोय ते पुरं न्हाय?"

"मागच्या वेळी पुरलं होतं. आता नाही. एजन्सीच्या नर्सेसनी पेशंटची नोंद करू नये, असं तुमच्या सहीने द्या. लगेच करते."

त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही नव्या हाय. मार्चपर्यंत प्रोबेशन हाय तुमचं. मिस्टर मास्तर हाईत. कशाला ह्यात पडता? बाई वाचली न्हवं?"

ताई! इतके दिवस मॅडम होते. मी उठून दार उघडलं. ते गेले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

चौकशी झाली. अध्यक्ष डॉ. हाफिजा बागवान, मेडिसिनच्या प्रमुख. त्या फार बोलत नाहीत, समोरचा बोलून दमेपर्यंत ऐकतात. समोर शबनूर, डोक्यावर पदर घट्ट, हात मांडीवर. साहेब खिडकीकडे.

माझा नंबर आला. मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "या बाईंचं लॉगिन नव्हतं. आठ तारखेला मी काढलं. दहा तारखेला त्या माझ्याकडे आल्या होत्या, मी एजन्सीकडे पाठवलं. एजन्सीकडे तसलं काही नव्हतंच."

डॉक्टरांनी विचारलं, "काढायला कुणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"उदयसिंह, आदेश?"

"तोंडी होता," साहेब म्हणाले. "पण त्याचा अर्थ यांनी चुकीचा लावला. टेक्निकल बाबी मला कुठल्या कळत्यात?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी शबनूर उठली. मला वाटलं साहेबांवर जाईल. ती माझ्याकडे वळली.

"तुमी आता सांगताय. त्या दिवशी मी तुमच्या दारात आलतो न्हवं? दार लावून घेतलासा माझ्या तोंडावर. एक मिंट बगितलं असतंसा तर? एकच मिंट! ती आजी मेली असती तर माझ्या पोरास्नी लोकांनी काय म्हटलं असतं, तुमची आई खुनी हाय. सहा दिस मी भाईर तोंड दाखवलं न्हाय. आणि तुमी मेल पाठवता. मेल!"

तिचं सगळं खरं होतं. मी मान खाली घातली नाही. ती बोलत होती तोपर्यंत तिच्याकडे बघत राहिले, तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "बसा, शबनूर." मग साहेबांना, "तुमचा आदेश तोंडी होता ना? माझा लेखी देते. पेशंटला जो हात लावेल त्याचं स्वतःच्या नावाचं लॉगिन पाहिजे. त्यात बदल करायचा तर आधी माझी सही." तिथल्या तिथे लिहिलं. शबनूरला उद्यापासून कामावर घ्यायचं. दिवसपाळीच्या सिस्टरला समज. साहेबांचा विषय विश्वस्तांकडे. म्हणजे कुठेच नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

पत्र आलं. प्रोबेशनच्या काळातली कामगिरी समाधानकारक नाही. शनिवार शेवटचा दिवस.

बसमध्ये पत्र चार वेळा वाचलं. समाधानकारक नाही! कुणाचं समाधान? घरी येऊन चपला भिरकावल्या. धवलवर ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, याच्यावर ओरडण्यासारखं माझ्याकडे काही नाही. उलट त्या दिवशी त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता. तसं म्हटलं त्याला. तो म्हणाला, "मला काय तांत्रिक कळत न्हाय." आणि वर हसला. मला हसायला नाही आलं. पण दोघं एकाच वेळी जेवायला बसलो.

त्यानंतर शबनूरचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "आमचा वकील इचारतोय, तुमी कोर्टात सांगणार काय? साहेबानं नावं काढाय लावली म्हणून."

"सांगणार."

"नक्की? मागनं माघार घेतलासा तर?"

"नोकरी गेलीय माझी. माघार घेऊन कुठे जाऊ?"

ती म्हणाली, "काय म्हंता? गेली?" आणि साहेबांना एक अशी शिवी दिली, की ती इथे लिहीत नाही. मनातल्या मनात मात्र दोनदा म्हणून बघितली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सर्व्हरचा पासवर्ड बंद पाकिटात घालून डॉ. बागवान यांच्या हातात दिला. साहेबांच्या नाही. शिवाय सहा पानं लिहून ठेवली, पुढे येणाऱ्यासाठी. झाड कसं आहे, शोध कुठून लावलाय, आणि तो तिथूनच का. जास्तीच्या ए-सकट.

निघण्याआधी तीन नंबर वॉर्डात गेले. बायडाबाईंना सोमवारी घरी सोडणार आहेत. पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. माझ्यामुळे कसं झालं तेही सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मला त्या मशिनीतलं काय कळत न्हाय, बाळ. दुसरी सुई टोचली तवा मी त्या पोरीला म्हटलं हुतं, अगं, आत्ताच टोचलीया की. ती म्हणाली, आजी, मशीन न्हाय म्हणतंय." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सांगत हुतो की."

हे कुणीच कुठे लिहिलं नव्हतं. चौकशीतही नाही. त्यांना विचारायला कुणी गेलंच नव्हतं. मीसुद्धा.

मी काही बोलायच्या आत शबनूर ट्रॉली घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. आजींचं बोट टोचून साखर बघितली, इन्शुलिन भरलं, दिलं. मग स्क्रीनकडे वळून पासवर्ड घातला. उघडलं. वर कोपऱ्यात तिचं नाव. तिने डोस नोंदवला, लाल ओळ हिरवी झाली, तरी खात्री करायला ती पुन्हा वाकून वाचू लागली. मी तिच्या खांद्यामागून बघत उभी होते.

"बाजूला व्हा मॅडम," ती न वळता म्हणाली, "उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.